थीम पार्कमधील मोफत वाय-फाय: आई-बाबांना ऑर्लँडोला नेताना करावयाची तयारी

अमेरिकेत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी घरांत आई-बाबा भारतातून चार-सहा महिन्यांसाठी आले, की नायगाऱ्याच्या जोडीने ऑर्लँडोचा बेत ठरतोच. विमानाची तिकिटे, हॉटेल, पार्कची तिकिटे, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, आईने आदल्या रात्री करून ठेवायच्या दशम्या या सगळ्याची यादी आठवडाभर आधीच तयार असते. मात्र पार्कमध्ये पोहोचल्यावर आई-बाबांच्या फोनवर इंटरनेट कसे चालणार, हा प्रश्न बहुतेकांना प्रवेशाच्या रांगेत उभे राहिल्यावरच पडतो आणि "तिथे फुकट वाय-फाय आहे ना" एवढ्या उत्तरावर तो मिटवला जातो.

आम्हीही तो तसाच मिटवला होता. एका मोठ्या पार्कमध्ये दुपारी तीनच्या सुमारास बाबा स्वच्छतागृहाकडे गेले आणि त्याच इमारतीच्या दुसऱ्या बाजूच्या दाराने बाहेर पडले. त्यांच्या फोनमध्ये भारतातील सिमकार्ड होते आणि रोमिंगचा पॅक घेतलेला नव्हता. मात्र सकाळी मीच त्यांचा फोन पार्कच्या वाय-फायला जोडून दिलेला असल्यामुळे मी निर्धास्त होते. मी व्हॉट्सॲपवर निरोप पाठवत राहिले आणि प्रत्येक निरोपापुढे एकच करडी टिक उमटत राहिली. चाळीस मिनिटांनी बाबा सापडले, तेव्हा ते आमच्यापासून पन्नास पावलांवर एका बाकावर फोन हातात धरून बसले होते. फोनवर वाय-फायची पंख्यासारखी खूण, म्हणजे आमच्या भाषेत पंखा, पूर्ण भरलेला होता आणि त्याच्या खाली, नेटवर्क वापरण्यासाठी साइन इन करावे अशी एक बारीक ओळ आलेली होती. बाबांना ती जाहिरात वाटली होती.

वाय-फायला फोन जोडला जाणे आणि फोन इंटरनेटपर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या बाकाशी उभे असताना नीट कळले. पुढील सर्व सूचना त्या अनुभवानंतर केलेल्या तयारीतून आलेल्या आहेत. उदाहरणासाठी मी प्रामुख्याने फ्लोरिडातील ऑर्लँडोजवळचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड घेतले आहे, कारण मराठी कुटुंबांचा ओघ तिथेच जास्त असतो. परंतु फोनसंबंधीची बहुतेक माहिती कोणत्याही पार्कला लागू पडते.

हे वाय-फाय कशासाठी असते

पार्क वाय-फाय का देतात हे ठाऊक असले, म्हणजे त्याच्याकडून कशाची अपेक्षा धरावी हेही उमगते. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ मध्ये सुरू झाले. आज त्याचा परिसर सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे आणि त्यात मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम असे चार स्वतंत्र पार्क आहेत. लोकप्रिय राइडच्या लांब रांगेत उभे राहावे लागू नये म्हणून १९९९ मध्ये तिथे फास्टपासची कागदी चिठ्ठी सुरू झाली. त्या चिठ्ठीवर छापलेल्या वेळेत परत आले, की लहान रांगेतून आत जाता येत असे. पुढे ही व्यवस्था फोनवर न्यायची तर प्रत्येक पाहुण्याच्या फोनवर इंटरनेट चालायला हवे, हे उघड होते. २०१२ मध्ये मॅजिक किंगडममध्ये मोफत वाय-फाय आले, पाठोपाठ इतर पार्कमध्येही ते पोहोचले आणि २०१३ मध्ये मनगटावर बांधायचे मॅजिकबँड आले. मोबाइलवरून जेवण मागवण्याची सोय २०१७ मध्ये सुरू झाली. फास्टपासची जागा आता लाइटनिंग लेन या पैसे भरून घ्यायच्या व्यवस्थेने घेतली आहे आणि तिचे सध्याचे रूप जुलै २०२४ पासूनचे आहे.

तात्पर्य असे, की तिकीट दाखवणे, राइडची वेळ घेणे, नकाशा पाहणे, जेवण मागवणे आणि एकमेकांना निरोप पाठवणे या छोट्या कामांसाठी हे जाळे उभारलेले आहे. या कामांना फार थोडा डेटा लागतो आणि ती वाय-फायवर सहसा व्यवस्थित होतात. चित्रपट पाहणे, शेकडो फोटो क्लाउडवर चढवणे किंवा तासभर व्हिडिओ कॉल करणे यांसाठी त्यावर विसंबू नये. हजारो माणसे एकाच चौकात उभी असताना प्रत्येकाच्या वाट्याला येणारा भाग लहानच असतो. शिवाय माणसाच्या शरीरात बहुतांश पाणीच असल्यामुळे दाट गर्दी ही स्वतःच रेडिओलहरी शोषून घेणारी भिंत होते. फोन डोक्याच्या वर धरला की रेंज सुधारते, यामागचे एक कारण तेच आहे.

निघण्यापूर्वी घरी करावयाची कामे

माझ्या मते वाय-फायचे निम्म्याहून अधिक काम पार्कमध्ये पाऊल टाकण्यापूर्वीच संपलेले असावे. आदल्या रात्री घरच्या किंवा हॉटेलच्या वाय-फायवर तासभर बसून ते उरकावे आणि त्या वेळी आई-बाबांचे फोन स्वतःच्या हातात घ्यावेत.

पहिले काम म्हणजे पार्कचे ॲप. डिस्ने वर्ल्डसाठी माय डिस्ने एक्सपिरियन्स हे ॲप लागते. ते आदल्या रात्री उतरवून घ्यावे, त्यात लॉगिन करावे, घरातील सर्वांची तिकिटे एकाच खात्याला जोडून घ्यावीत आणि पैसे भरण्याचे कार्डही तिथेच नोंदवून ठेवावे. ही कामे गेटपाशी करायला घेतली, तर ॲप उतरेपर्यंत दहा मिनिटे जातात, मग पासवर्ड आठवत नाही, मग ईमेलवर कोड येतो आणि मागची रांग चुळबुळू लागते. कार्ड भारतातील बँकेचे असेल तर ते घरीच नोंदवणे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण बँकेने ओटीपी मागितल्यास तो भारतातील सिमकार्डावर येणार आणि ते सिमकार्ड त्या क्षणी रेंजमध्ये असेलच असे नाही.

लाइटनिंग लेन घ्यायची असेल तर तीही आधीच घेता येते: डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना भेटीच्या सात दिवस आधीपासून आणि इतरांना तीन दिवस आधीपासून, तिथल्या सकाळी सात वाजता. म्हणजे त्या दिवसाची सर्वांत निकडीची खटपट पार्कच्या वाय-फायवर करण्याची गरज उरत नाही.

तिकिटाचा प्रश्न इंटरनेटपासून पूर्णपणे सोडवून टाकावा, असा माझा आग्रह आहे. आयफोनच्या वॉलेटमध्ये ठेवता येणारा डिस्नेचा मॅजिकमोबाइल पास २०२१ पासून उपलब्ध आहे आणि तो एकदा फोनमध्ये उतरला की गेटवर दाखवताना इंटरनेट लागत नाही. तरीही ज्येष्ठांसाठी मला मनगटावरचा मॅजिकबँड किंवा साधे प्लास्टिकचे कार्डच उत्तम वाटते, कारण फोनची बॅटरी संपली तरी माणूस गेटवर अडत नाही. इतर पार्कमध्ये तिकीट क्यूआर कोडच्या रूपात असते. त्याचा स्क्रीनशॉट चालतो की नाही हे तिकिटावरच्या अटींत पाहावे आणि चालत असेल तर तो प्रत्येकाच्या फोनमध्ये स्वतंत्रपणे ठेवावा.

नकाशाचाही एक स्क्रीनशॉट घ्यावा. गूगल मॅप्समध्ये ऑर्लँडोचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवता येतो. पुष्कळांचा असा समज असतो की इंटरनेट नसेल तर जीपीएसही चालत नाही. वास्तविक फोन आपली जागा उपग्रहांकडून शोधतो, त्यासाठी डेटा लागत नाही. डेटा लागतो तो नकाशाचे चित्र आणण्यासाठी. चित्र आधीच फोनमध्ये असले, की निळा ठिपका इंटरनेटशिवायही आपल्याबरोबर चालत राहतो.

यानंतर आई-बाबांच्या फोनचा विचार करावा. भारतातून येताना त्यांचे व्हॉट्सॲप ज्या क्रमांकावर चालू होते, त्याच क्रमांकावर ते राहू द्यावे आणि ॲप काढून पुन्हा टाकण्याच्या भानगडीत पडू नये. व्हॉट्सॲप एकदा सुरू असले की केवळ वाय-फायवरही चालते, परंतु नव्याने सुरू करताना मात्र त्या क्रमांकावर कोड यावा लागतो. घरातला जुना आयफोन त्यांना देण्याचा विचार असेल, तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ आणि त्यापुढच्या मॉडेलांत सिमकार्डाचा कप्पाच नसतो हे ध्यानात घ्यावे. जुना बटणांचा फोन "फक्त कॉलसाठी" आणलेला असेल तर तो येथे बहुधा निरुपयोगी ठरतो, कारण अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये आपले थ्रीजी जाळे बंद केले आहे.

ज्यांना परवडते त्यांनी आई-बाबांसाठी महिन्याभराचे स्वस्त प्रीपेड सिम किंवा ई-सिम (कार्डाऐवजी फोनमध्येच उतरवायचे सिम) घ्यावेच. पार्कचे वाय-फाय हा दुसरा आधार असावा, पहिला नव्हे. वृद्ध माणूस हरवल्यावर त्याच्याशी बोलता येणे आणि न येणे यांतले अंतर त्या वीस-पंचवीस डॉलरांपेक्षा फार मोठे असते, हे मी त्या चाळीस मिनिटांत शिकले.

गेटपाशी जोडणी करताना

डिस्ने वर्ल्डच्या जाळ्याचे नाव डिस्ने-गेस्ट (Disney-Guest) असे आहे. त्याला पासवर्ड लागत नाही. हेच नाव तिथल्या हॉटेलांतही असल्यामुळे हॉटेलात उतरलेल्यांचा फोन आदल्या रात्री एकदा जोडला गेला, की दुसऱ्या दिवशी पार्कमध्ये तो सहसा आपोआप जोडला जातो. बाहेरून येणाऱ्यांनी गेटमधून आत गेल्यावर गर्दीतून बाजूला व्हावे, सावलीत उभे राहावे आणि मगच फोन काढावा. प्रवेशद्वाराजवळचा पहिला चौक हा जोडणीसाठी सर्वांत वाईट भाग असतो, कारण प्रत्येक जण तिथेच थांबून फोन काढतो. शंभर पावले पुढे गेल्यावर तेच काम लवकर होते.

सेटिंगमध्ये वाय-फायच्या यादीत नाव शोधून त्यावर बोट ठेवले की फोन जोडला जातो. अटी मान्य करण्याचे पान आले तर ते पूर्ण उघडू द्यावे, खाली जाऊन मान्यतेचे बटण दाबावे आणि "तुम्ही जोडले गेले आहात" अशा अर्थाचे वाक्य दिसेपर्यंत ते पान बंद करू नये. काही पार्कमध्ये या पानावर ईमेल मागितला जातो, काही ठिकाणी मोबाइल क्रमांक.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि आमच्याकडूनही तीच गाळली गेली होती: जोडणी तपासून पाहावी. घरातील प्रत्येकाने बरोबरच्या दुसऱ्या एकाला व्हॉट्सॲपवर एक शब्द पाठवावा आणि तो दुसऱ्याच्या फोनवर पोहोचल्याची दुहेरी टिक आपल्या डोळ्यांनी पाहावी. टिकऐवजी घड्याळाची खूण दिसत असेल तर आपला फोन आणि एकच टिक दिसत असेल तर समोरचा फोन जोडलेला नाही असे समजावे, मग वर वाय-फायचे चिन्ह कितीही भरलेले असो. आई-बाबांनाही ही खूण शिकवून ठेवावी. "पंखा बघू नका, टिक बघा" हे वाक्य आमच्या आईच्या आता तोंडी बसले आहे.

जोडले गेले, पण चालत नाही

अटींचे पान न उघडणे ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे. तिचे कारण समजून घेतले तर उपाय लक्षात राहतो. फोन कोणत्याही नव्या वाय-फायला जोडला गेला, की तो ॲपलच्या किंवा गूगलच्या एका ठरावीक पत्त्यावर हळूच जाऊन येतो आणि ठरलेले उत्तर मिळते का ते पाहतो. मध्येच पार्कच्या यंत्रणेने त्याला अडवून अटींचे पान पुढे केले, तर फोनला कळते की इथे आधी मान्यता द्यावी लागणार आहे आणि तो ते पान आपल्यासमोर आणतो. ही देवाणघेवाण बिघडवणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन: चालू असलेले व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक गुप्त मार्गाने नेणारे ॲप), अँड्रॉइडमधील प्रायव्हेट डीएनएसची (संकेतस्थळांचे पत्ते शोधण्याच्या खासगी सोयीची) हाताने केलेली सेटिंग आणि फोनमधील चुकीची तारीख-वेळ. व्हीपीएन तात्पुरते बंद करावे, प्रायव्हेट डीएनएस "ऑटोमॅटिक"वर ठेवावे आणि वेळ आपोआप ठरू द्यावी. भारतातून आलेल्या फोनमध्ये वेळ हाताने लावलेली असते, असे मी एकापेक्षा अधिक घरांत पाहिले आहे.

तरीही पान आले नाही, तर ब्राउझर उघडून त्यात नेव्हरएसएसएल डॉट कॉम (neverssl.com) हा पत्ता टाकावा. हे संकेतस्थळ मुद्दामच कुलूपबंद म्हणजे एचटीटीपीएस स्वरूपाचे ठेवलेले नाही. त्यामुळे पार्कच्या यंत्रणेला मध्ये येऊन आपले पान दाखवता येते. जीमेल किंवा बँकेचे संकेतस्थळ उघडण्याचा प्रयत्न करत राहिल्यास मात्र ते पान येणार नाही, कारण त्या कुलूपबंद जोडणीत कोणालाही मध्ये शिरता येऊ नये अशीच योजना असते.

अटी पुन्हा पुन्हा मान्य कराव्या लागत असतील, तर फोनचा बदलता पत्ता हे त्याचे कारण असू शकते. आयफोन २०२० पासून आणि अँड्रॉइड फोन २०१९ पासून वाय-फायवर आपला मूळ हार्डवेअर पत्ता, म्हणजे जाळे ज्यावरून फोन ओळखते तो क्रमांक, लपवून बनावट पत्ता देऊ शकतात. माग काढला जाऊ नये म्हणून ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे. मात्र हा पत्ता मध्येच बदलला, की पार्कच्या यंत्रणेला तो नवाच फोन वाटतो. त्या एका जाळ्यापुरता पत्ता स्थिर ठेवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असतो, तो दिवसभरासाठी निवडावा.

सकाळी उत्तम चाललेले वाय-फाय पार्कच्या दुसऱ्या टोकाला गेल्यावर अडखळू लागले, तर फोन अजून मागच्या खांबावरच्या, वाय-फाय देणाऱ्या यंत्राला धरून बसलेला असण्याची शक्यता असते. वाय-फाय पाच-दहा सेकंद बंद करून पुन्हा चालू केले, की तो जवळचे यंत्र शोधतो. इतक्या साध्या उपायाने निम्म्या अडचणी सुटतात. राइडच्या आत, विशेषतः बंदिस्त इमारतींत आणि बोगद्यांत, रेंज गेली तर घाबरण्याचे कारण नाही. बाहेर आल्यावर ती परत येते.

दिवसभर वापरताना

दिवसभराच्या वापरात सर्वांत मोठा फरक पडतो तो आपोआप चालणाऱ्या कामांमुळे. गूगल फोटो आणि आयक्लाउड यांना वाय-फाय मिळाले की ते सकाळपासूनचे सगळे फोटो आणि व्हिडिओ वर चढवू लागतात, व्हॉट्सॲप नातेवाइकांच्या गटातले सुप्रभातचे व्हिडिओ उतरवू लागते आणि दुपारी दोन वाजता बॅटरी तीस टक्क्यांवर आलेली असते. फोनच्या दृष्टीने पार्कचे वाय-फाय आणि घरचे वाय-फाय यांत फरक नसतो; तो आपण सांगावा लागतो. आयफोनमध्ये त्या जाळ्याच्या नावापुढील खुणेवर बोट ठेवून लो डेटा मोड चालू करावा, अँड्रॉइडमध्ये त्या जाळ्याला मोजका डेटा असलेले अर्थात मीटर्ड ठरवावे आणि व्हॉट्सॲपमधील आपोआप डाउनलोड बंद ठेवावे. असे केल्याने आपला फोन तर टिकतोच, शिवाय त्याच यंत्राला जोडलेल्या इतरांनाही थोडी मोकळी वाट मिळते.

जेवण मागवताना एक बारकावा लक्षात ठेवावा. ॲपवरून जेवण मागवून पैसे भरले, तरी ते लगेच तयार होत नाही; त्या उपाहारगृहाजवळ पोहोचल्यावर "आम्ही आलो आहोत" असे कळवणारे बटण दाबावे लागते आणि नेमके त्या क्षणी इंटरनेट हवे असते. म्हणून दारासमोरच्या गर्दीत शिरण्यापूर्वीच, रेंज चांगली असताना ते दाबावे. शाकाहारी कुटुंबांना या ॲपचा फार उपयोग होतो: खिडकीपाशी उभे राहून मागच्यांचा खोळंबा न करता, पदार्थात काय आहे ते बाकावर बसून शांतपणे वाचता येते आणि अनेक पदार्थांतला नको असलेला घटक काढून टाकता येतो. मी हे वाचन आदल्या रात्रीच करून ठेवते आणि आईला चालतील अशा तीन-चार ठिकाणांची नावे कागदावर लिहून घेते.

एकमेकांचा ठावठिकाणा कळावा म्हणून व्हॉट्सॲपचे लाइव्ह लोकेशन उपयोगी पडते. ते पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास चालू ठेवता येते. आठ तासांचा पर्याय बॅटरी खातो. त्यामुळे दोन गट वेगळे होताना तासाभरासाठी ते चालू करावे. परंतु लाइव्ह लोकेशनही वाय-फायवरच अवलंबून असते, म्हणून जुनी रीत सोडू नये. गोराईच्या एस्सेलवर्ल्डला बोटीने जाणारी कुटुंबे "चुकामूक झाली तर जेट्टीपाशी थांबायचे" असे आधीच ठरवून आत शिरत, तसेच येथेही ठरवावे. जागा नेमकी असावी. "कॅसलपाशी" हे पुरेसे नाही, कारण मॅजिक किंगडममधल्या कॅसलच्या, म्हणजे किल्ल्याच्या, चारही अंगांना हजारो माणसे असतात. "कॅसलसमोरील वॉल्ट डिस्ने आणि मिकी यांच्या पुतळ्यापाशी" असे सांगावे. दर दोन तासांनी ठरावीक वेळी तिथे यायचे, हेही ठरवून ठेवावे. बाबांच्या खिशात कुटुंबातील दोघांचे अमेरिकेतील फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. पार्कमधील कोणताही गणवेशधारी कर्मचारी त्यावरून फोन लावून देऊ शकतो.

घरातील एखाद्याच्या फोनला अमेरिकेतील सिम असेल, तर त्याचा हॉटस्पॉट करून बाकीच्यांना जोडता येते. चार माणसे कायम एकत्र असतील तर हा मार्ग पार्कच्या वाय-फायपेक्षा अनेकदा भरवशाचा ठरतो. मात्र गट फुटला की तो तुटतो आणि हॉटस्पॉट देणाऱ्या फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. म्हणून पॉवर बँक हवीच. ती विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते आणि १०० वॉट-तासांपर्यंतच्या पॉवर बँकेला विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. नेहमीची २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते, त्यामुळे ती चालते. ऑर्लँडोला उन्हाळ्यात दुपारनंतर विजांसह जोरदार सरी पडतात, तेव्हा फोन आणि पॉवर बँक ठेवायला एक झिपची पिशवी जवळ असावी. पाऊस आला की सगळा पार्क छपराखाली गोळा होतो आणि तिथले वाय-फाय मंदावते. ते तसेच असते असे समजून पंधरा मिनिटे फोन खिशात ठेवावा.

रात्रीच्या आतषबाजीचा व्हिडिओ कॉल हा अनेक घरांतला जिव्हाळ्याचा विषय असतो. उन्हाळ्यात ऑर्लँडोची वेळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते. रात्री नऊला आतषबाजी सुरू झाली, तर कोल्हापुरात सकाळचे साडेसहा वाजलेले असतात आणि आजी चहाचा कप घेऊन फोनसमोर बसलेली असते. तिला ते दाखवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नेमक्या त्याच वेळी त्याच चौकातले सगळे फोन व्हिडिओ पाठवत असल्यामुळे कॉल अडखळतो, चित्र थिजते आणि आपली आतषबाजी पाहायची राहते. त्यापेक्षा व्हिडिओ फोनमध्येच चित्रित करावा, हॉटेलवर जाऊन पाठवावा आणि आजीशी कॉल दुसऱ्या दिवशी ऑर्लँडोच्या सकाळी करावा, जेव्हा तिच्याकडे दिवेलागणीची वेळ असते. थेट दाखवायचेच असेल तर चौकापासून दूर, पाण्याकाठच्या किंवा कडेच्या जागेवरून स्वतःच्या मोबाइल डेटावर प्रयत्न करावा.

सावधगिरी

पासवर्ड नसलेले वाय-फाय उघडे असते. म्हणजे फोन आणि खांबावरचे यंत्र यांच्यामधला हवेतला प्रवास कुलूपबंद नसतो. आज बहुतेक संकेतस्थळे आणि ॲप स्वतःच एचटीटीपीएसचे कुलूप लावत असल्याने व्हॉट्सॲपचा निरोप किंवा ॲपमधील पासवर्ड शेजारच्याला वाचता येत नाही. खरा धोका वेगळा आहे: कोणीही आपल्या फोनवर मिळत्याजुळत्या नावाचा हॉटस्पॉट उघडून बसू शकतो. म्हणून पार्कच्या ॲपमध्ये किंवा पार्कच्या फलकावर लिहिलेले नाव अक्षरन्‌ अक्षर जुळते का ते पाहावे आणि शंका आल्यास कर्मचाऱ्याला विचारावे. मोफत वाय-फायच्या पानावर क्रेडिट कार्ड, ईमेलचा पासवर्ड किंवा पासपोर्टचा क्रमांक मागितला गेला, किंवा एखादे ॲप अथवा प्रोफाइल फोनमध्ये टाकायला सांगितले गेले, तर तिथेच थांबावे. ब्राउझरने प्रमाणपत्रासंबंधी इशारा दिला तर "तरीही पुढे जा" हे कधीही दाबू नये. बँकेचे काम असल्यास वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर करावे किंवा रात्रीपर्यंत थांबावे. आई-बाबांना एवढे एकच सांगितले तरी पुरते, की पार्कमध्ये असताना बँकेचे ॲप उघडायचे नाही.

भारतातील पार्कमध्ये जाताना

सुट्टीत मुलांना घेऊन भारतात आलेल्यांना उलटी अडचण येते. दूरसंचार विभागाच्या २००९ च्या आदेशानुसार सार्वजनिक वाय-फाय देणाऱ्याने वापरणाऱ्याची ओळख नोंदवणे आवश्यक आहे आणि ती सहसा मोबाइल क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीने नोंदवली जाते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेल्या रेल्वे स्थानकांवरील वाय-फायमुळे ही पद्धत आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची झाली आहे. अमेरिकेतील क्रमांकावर हा ओटीपी पुष्कळदा येतच नाही. म्हणून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला किंवा अन्य कुठल्याही पार्कला जाताना मामाचा किंवा काकाचा भारतीय क्रमांक असलेला फोन बरोबर असावा आणि त्याचाच हॉटस्पॉट घ्यावा, हे सर्वांत सोपे. भारतात मोबाइल डेटा स्वस्त असल्यामुळे तिथे पार्कच्या वाय-फायची निकडही कमी असते. पाण्याच्या राइडसाठी फोन लॉकरमध्ये ठेवण्यापूर्वी भेटीची जागा आणि वेळ तोंडी ठरवून घ्यावी.

हॉटेलवर परतल्यावर

रात्री खोलीवर आल्यावर सर्व फोन चार्जिंगला लावावेत, लो डेटा मोड बंद करावा आणि दिवसभराचे फोटो हॉटेलच्या वाय-फायवरून वर चढू द्यावेत. जागा मोकळी करण्यासाठी फोटो पुसायचे असतील, तर ते खरोखर वर पोहोचले आहेत का हे दुसऱ्या उपकरणावर उघडून पाहावे आणि मगच पुसावेत. अर्धवट चढलेला व्हिडिओ पुसला गेला तर तो परत मिळत नाही. बंद केलेले व्हीपीएन आठवणीने पुन्हा चालू करावे. सहल संपल्यावर, ऑर्लँडो सोडण्यापूर्वी, प्रत्येक फोनच्या वाय-फाय यादीतून पार्कचे नाव "विसरा" या पर्यायाने काढून टाकावे, म्हणजे पुढे एखाद्या विमानतळावर कोणी त्याच नावाचा बनावट हॉटस्पॉट उघडला तरी आई-बाबांचा फोन आपणहून त्याला जाऊन चिकटणार नाही.